टायटॅनियम, थेंबभर तेल आणि उणे १९६ चा नायट्रोजन

कोल्हापुरात मशीन शॉप म्हणलं की कास्टिंग, म्हणजे ओतीव पार्ट, हे ठरलेलंच. शिरोलीला जावा, गोकुळ शिरगावला जावा नाहीतर कागलच्या पंचतारांकित वसाहतीत, सगळीकडं तेच. फौंड्रीतनं आलेलं कास्टिंग लेथच्या चकात, म्हणजे पकडीत, धरायचं, कोरडंच कापायचं, खाली काळी भुकटी पडणार आणि संध्याकाळी नाकातनं पण तीच निघणार. कास्ट आयर्नमध्ये ग्राफाइट असतंय, वंगणाचं काम ते स्वतःच थोडंफार करतंय, त्यामुळं कूलंट ह्या विषयावर आमच्या उद्यमनगरातल्या शेडमध्ये फार डोकं कुणी चालवलंच नव्हतं. वडिलांच्या वेळेला ऑइल इंजिनचे पार्ट, नंतर ऑटोवाल्यांचे जॉब, स्टीलला पांढरं पाणी (पाण्यात कालवलेलं तेल) सोडायचं, संपला विषय.

मग पुण्याच्या एका पार्टीनं टायटॅनियमच्या पिना काढून मागितल्या. ग्रेड ५, म्हणजे टीआय-६एएल-४व्ही, ६ टक्के अॅल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम. ४० चा बार, स्टेपचं काम, एका टोकाला २८ एच६ चं फिट, म्हणजे फार बारकाईचं माप. ड्रॉइंग बघून कुणालाही वाटेल सोपं काम आहे, स्टीलमध्ये असता तर पोरानं चहा पीत काढला असता. मटेरियल त्यांचंच, सर्टिफिकेटसकट. बार हातात घेतला की पहिल्यांदा हलका लागतोय, घनता ४.४३, स्टीलच्या निम्म्याच्या थोडी वर. आमचे ऑपरेटर मामा (पस्तीसेक वर्षं लेथवर गेलीत त्यांची) बार वर-खाली करून म्हणाले, "हलकं हाय ओ हे, कापायला पण हलकंच असणार." दुपारपर्यंत त्यांचं मत बदललं होतं.

टायटॅनियमचा त्रास नेमका कुठं आहे हे आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हा काय फार कडक धातू नाही, कडकपणाच्या मापावर ३६ एचआरसीच्या आसपास, ह्यापेक्षा कडक स्टील आम्ही रोज कापतो. अडचण उष्णतेची आहे. ह्याच्यातनं उष्णता वाहतच नाही, कंडक्टिव्हिटी ६.७ च्या आसपास, साध्या मीडियम कार्बन स्टीलची ५० धरा. म्हणजे कापताना तयार झालेली गरमी ना जॉबमध्ये पसरते ना चिपबरोबर (कापून निघणाऱ्या सालीबरोबर) निघून जाते, पुस्तकात ८० टक्क्यांच्या आसपास टूलमध्ये जाते असं देतात. त्यात चिप टिपेच्या (टूलच्या टोकाला बसवलेल्या कार्बाइडच्या तुकड्याच्या) अंगावर टेकते ती जागा स्टीलपेक्षा कितीतरी छोटी, त्यामुळं सगळा दाब आणि सगळा जाळ धारेच्या अगदी टोकाला. आणि गरम टायटॅनियमला सगळ्यांशी सोयरीक करायची सवय, पाचशे अंशाच्या वर गेलं की ते कार्बाइडला चिकटायला लागतंय, टिपेतला कोबाल्ट, कार्बन ओढून घेतंय, धारेजवळ खड्डा पडतोय आणि मग एकदम टोक मोडतंय. वर आणि इलॅस्टिसिटी स्टीलच्या निम्मी, कट दिला की जॉब दबून मागं सरकतोय आणि टूल पुढं गेलं की परत येऊन टिपेच्या पोटाला, म्हणजे जॉबकडच्या बाजूला, घासतोय.

बाहेर देशात ह्याच्यावर पन्नासेक वर्षं डोकी खपलीत. आपल्याकडं पण हा धातू नवीन नाही, हैदराबादला मिधानी ही सरकारी कंपनी बार-प्लेट बनवतंय, केरळात चवऱ्याला केएमएमएल ह्या सरकारी कंपनीचा टायटॅनियम स्पंजचा प्लांट २०११ साली सुरू झाला, वर्षाला ५०० टनांचा, इस्रो आणि डीआरडीओच्या मदतीनं. पण हे सगळं आपल्या गल्लीत आलं नव्हतं एवढंच.

तर पहिला टप्पा, आपलं नेहमीचं पाणी. सोल्युबल ऑइल थोडं जाड केलं, रिफ्रॅक्टोमीटरवर ८-१० टक्के बघून, आणि तेसुद्धा क्लोरीन नसलेलं, कारण पार्टीनं पीओवरच (ऑर्डरच्या कागदावरच) लिहून दिलं होतं की क्लोरीनचं तेल चालणार नाही. टायटॅनियमला क्लोरीन राहिलं आणि पुढं पार्ट गरम झाला तर तडे जायची भीती असते, विमानवाले ह्या बाबतीत फार कडक. टिप कोटिंग नसलेली घेतली, सीएनएमजी १२०४०८, के ग्रेड, धार तासलेली. टायटॅनियमचंच कोटिंग टायटॅनियमला चिकटतंय हे टूलवाल्यानंच सांगितलं, आणि ते पटण्यासारखं आहे. मिनिटाला ४५ मीटर स्पीड, रफिंगला (पहिल्या जाड कटाला) ०.२ फीड, दीड मिलिमीटरचा कट. चाललं. छान चाललं असं नाही म्हणणार, पण चाललं. ४५ मीटर म्हणजे ४० डायाला साडेतीनशे-साठ आरपीएम, मशीन नुसतं घोंगावतंय आणि आपण घड्याळाकडं बघत बसायचं.

गोची झाली ती पार्टीनं क्वांटिटी वाढवल्यावर. त्या स्पीडला माल वेळेत निघणार नव्हता. ८० मीटरला नेलं की टिप बघता बघता जायची, आणि जायची पद्धत पण वाईट, हळूहळू झिजली तर माणूस ऑफसेट देऊन (मशीनला मापाची दुरुस्ती सांगून) निभावतो, इथं सगळं ठीक चाललंय म्हणेपर्यंत आवाज बदलायचा, पांढऱ्याशार ठिणग्या आणि जॉबवर जळका पट्टा. पाण्याचा पाईप बदाबदा वाहतोय, मिनिटाला वीस-पंचवीस लिटर, पण चिपेच्या आणि टिपेच्या मध्ये ते शिरतच नाही, बाहेरच वाफ होऊन जातंय. ह्याला खरा उपाय म्हणजे हायप्रेशर कूलंट, ७० बार दाबाचा पंप, नोझल थेट धारेवर. आमच्या मशीनला ते नाही आणि त्या पंपाचा, फिल्टरचा, नव्या होल्डरचा खर्च काढला तर ती ऑर्डर केल्याचा काय उपयोगच राहत नव्हता. पैसे असते तर मी पहिल्यांदा तेच घेतलं असतं, हे आत्ताच सांगून टाकतो, पुढचं सगळं वाचून कुणी लगेच नायट्रोजनच्या मागं धावायला नको.

इथं आमच्या ओळखीचे एक सर आले. इंजिनिअरिंग कॉलेजला शिकवतात, पीएचडीचं काम ह्याच विषयावर चाललेलं, त्यांना कॉलेजातल्या जुन्या लेथवर बारीकसारीक कट घेऊन कंटाळा आलेला आणि खरं उत्पादन चालू असलेलं मशीन हवं होतं. आम्हाला टिपांचा खर्च कमी करायचा होता. जमलं.

सरांनी आधी एमक्यूएल लावलं. म्हणजे कमीत कमी तेल. एक छोटं भांडं, कॉम्प्रेसरची हवा ५ बारला, आणि आतल्या बारीक नळीतनं तेल, बाहेरच्या नळीतनं हवा, दोन्ही नोझलच्या तोंडाशी भेटतात आणि तेलाचे बारीक थेंब धारेवर जातात. तासाला ३०-४० मिली तेल. तासाला! मामांनी भांड्याकडं बघून विचारलं की हे महिन्याचं हाय व्हय. तेल एस्टरचं, वनस्पतीपासूनचं, ते धातूला चिकटून राहतंय.

पहिल्या दिवशी शेड कोरडी बघून फार बरं वाटलं हे कबूल. खाली पाणी नाही, चिप कोरडी, भंगारवाला कोरड्या टायटॅनियमला चांगला भाव देतोय पण त्यात स्टीलचा तुकडा मिसळला तर मात्र सगळं पोतं पाडून मागतोय, त्यामुळं मशीन झाडून घ्यायची शिस्त लागली. आणि वापरलेल्या कूलंटचं काय करायचं हा प्रश्न, जो पंचगंगेच्या काठावर राहणाऱ्या माणसाला तरी टाळता येत नाही, तो पण जवळजवळ संपला.

कापण्याचं म्हणाल तर दोन तऱ्हा झाल्या. फिनिशला, म्हणजे पाव-अर्धा मिलीचा कट आणि ०.१ फीड, ५०-६० मीटरपर्यंत एमक्यूएल पाण्यापेक्षा उजवं निघालं. धारेवर चिकटा बसायचा जवळपास बंद झाला, फिनिश एकसारखा यायला लागला, हात फिरवला तरी कळायचं. रफिंगला मात्र काय उपयोग नाही. हवा आणि चार थेंब तेल, ते गरमी काय ओढणार? एका ठरावीक स्पीडच्या वर तेल धारेपाशी पोचायच्या आधीच जळतंय, जळकट वास येतोय आणि मग ते कोरडं कापल्यासारखंच. आणि कोरडं टायटॅनियम म्हणजे आगीशी खेळ. बारीक चिपांचा गोळा चकाखाली साठलेला, त्यात एक ठिणगी पडली आणि त्यानं पेट घेतला, डोळे दिपतील असा पांढरा उजेड. मामा पाण्याची बादली घ्यायला वळले, सरांनी ओरडून थांबवलं. पेटलेल्या टायटॅनियमवर पाणी टाकलं की त्यातनं हायड्रोजन सुटतोय आणि भडका उडतोय. कोरडी वाळू टाकायची, नाहीतर धातूच्या आगीचा डी क्लासचा सिलिंडर. तेव्हापासून मशीनशेजारी वाळूची घमेली असतात आणि चिप दर थोड्या वेळानं काढायची हा नियम आहे.

पावसाळ्यात अजून एक त्रास, कॉम्प्रेसरच्या हवेतनं पाणी यायचं आणि तेलाचे थेंब फुटायचे. ड्रायर बसवला, मिटलं. आणि ते तेलाचं धुकं नाकात जातंय, एक्झॉस्ट लावल्याशिवाय हे करू नका.

आता नायट्रोजन. सरांच्या डोक्यात मुळात तेच होतं, एमक्यूएल ही पहिली पायरी. द्रवरूप नायट्रोजन, उणे १९६ अंश. आम्हाला वाटलं हे काहीतरी इस्रोतलं प्रकरण असणार, पण ड्युअर (नायट्रोजन गार ठेवायचं थर्माससारखं मोठं भांडं) टेम्पोतनं उतरलं, व्हॉल्व्ह फुस्स झाला, पांढरा धूर जमिनीवरनं पसरला आणि मामा एकदम ओळखीचं माणूस भेटल्यागत म्हणाले, "हे व्हय? आमच्या गावात डॉक्टर म्हस भरवायला येतोय तवा त्याच्या डब्यातनं असाच धूर येतोय की." आणि बरोबरच आहे, ज्या जिल्ह्यात घराघरात दूध संघाला दूध जातंय तिथं रेतनाच्या कांड्या ह्याच नायट्रोजनच्या डब्यात ठेवलेल्या असतात, ते डबे आपल्याच नाशिकला इंडियन ऑइलच्या क्रायो कारखान्यात बनतात. फरक एवढाच की डॉक्टरच्या डब्यात दोन-चार लिटर असतंय आणि तो शांत बसलेला असतोय, आमचं ड्युअर १६० लिटरचं आणि त्यातनं दाबानं बाहेर काढायचं.

सरांनी आधी गणित करायला लावलं आणि ते मला फार आवडलं कारण त्यात काय मोठं विज्ञान नाही. एक लिटर द्रव नायट्रोजनची हवा झाली की जवळपास ७०० लिटर होते. आमची आतली खोली जिथं ते मशीन आहे ती धरा ९० घनमीटर. दहा लिटर उडाला की सात घनमीटर नायट्रोजन त्या खोलीत आला, ऑक्सिजन २०.९ वरनं १९.३ च्या आसपास, आणि १९.५ च्या खाली धोका धरतात. मिनिटाला पाऊण लिटर सोडला तर दार बंद करून काम करायला पंधरा मिनिटंसुद्धा मिळत नाहीत. बरं ह्याला वास नाही, रंग नाही, गुदमरल्यासारखं पण होत नाही, माणूस सरळ खाली पडतोय. म्हणून शटर पूर्ण वर, खाली एक्झॉस्ट फॅन कारण गार गॅस जमिनीवर बसतोय, आणि जमिनीपासून मीटरभर उंचीवर ऑक्सिजनचा अलार्म. हातमोजे चामड्याचे आणि ढिले, पटकन झटकून काढता येतील असे. सुती मोजे अजिबात नाही, ते भिजले की हाताला चिकटून गोठतात. तोंडावर शील्ड. ही यादी मी मुद्दाम लांबवतोय कारण मोबाईलवर व्हिडिओ बघून घरच्या डब्यानं टिपेवर नायट्रोजन ओतणारी माणसं मी बघितलीत.

आणि एक गैरसमज. नायट्रोजन म्हणजे आग विझवणारा, आता चिप पेटायची भीती नाही असं वाटतं. भीती कमी होते ती गारव्यामुळं. पण टायटॅनियम हा असा धातू आहे की पुरता तापला तर शुद्ध नायट्रोजनमध्येसुद्धा जळतो. वाळू होती तिथंच ठेवली.

चालू केल्या केल्या काय होत नाही. व्हॉल्व्ह उघडला की बराच वेळ नुसता गॅस, फुस्स फुस्स, थांबतंय, परत फुस्स. नळी खोलीच्या तापमानाला असते, आत गेलेला द्रव लगेच उकळतोय आणि आपलीच वाट अडवतोय. नळीवर आधी दव, मग बर्फाची साय, मग ती पांढरी साय हळूहळू नोझलकडं सरकत येते आणि मग आवाज बदलतो, थुंकल्यासारखा आवाज जाऊन एकसारखी शीळ, आणि बारीक पांढरी धार दिसते. तोपर्यंत कट घ्यायचा नाही. ह्या गार करण्यातच कितीतरी लिटर जातोय, त्यामुळं एकेक जॉब थांबून थांबून करण्यात अर्थ नाही, लाईन गार झाली की सलग काढत सुटायचं. ड्युअर पण कमी दाबाचं लागतं, दीड-दोन बार. जास्त दाबाच्या सिलिंडरमधला द्रव मुळात कमी गार असतो आणि बाहेर पडता पडता त्याचा बराचसा गॅसच होतो.

पहिलं नोझल गॅसवाल्याच्या नळीबरोबर आलेलं, रुंद तोंडाचं. सगळीकडं फवारा. टूल, जॉब, चक, जॉ, सगळं पांढरं. दिसायला फार भारी, पोरांनी व्हिडिओ काढले, शेजारच्या शेडमधली माणसं येऊन बघून गेली. पण कापताना आवाज जड यायला लागला आणि स्पिंडलचा लोड मीटर पाण्यापेक्षा वर. कारण साधं आहे, टायटॅनियम गार झालं की अजून ताकदवान होतं, पार उणे १९६ पर्यंत नेलं तर खोलीतल्या तापमानापेक्षा दीडपटीच्या आसपास. म्हणजे आम्ही पैसे घालून मटेरियल अजून चिवट करत होतो आणि मग तेच कापत होतो.

माप तर विचारूच नका. २८ एच६, म्हणजे २८.००० पासून खाली फक्त १३ मायक्रॉन. मामांनी मायक्रोमीटर लावला, २७.९९५, झकास. जॉब ट्रेमध्ये ठेवला, चहा झाला, परत लावला तर २८.००७. मामांनी मायक्रोमीटरकडं, मग माझ्याकडं असं बघितलं की मीच काहीतरी केलंय. टायटॅनियमचं प्रसरण अंशाला मीटरमागं ८.६ मायक्रॉन. जॉब खोलीपेक्षा ५० अंशानं गार असला तर २८ डायाला १२ मायक्रॉन आखडतोय. सगळा टॉलरन्स त्यातच संपला. शिवाय जॉबवर दव गोठलेलं असतंय, त्याचा थर मायक्रोमीटरच्या तोंडात येतोय तो वेगळाच, तो तर वाचन उलट्या बाजूला नेतोय. मग रीडिंगवर विश्वास कशावर ठेवायचा?

तिथनं सगळ्या कामाची दिशा बदलली आणि माझ्या मते ह्या अख्ख्या भानगडीत एवढीच गोष्ट कामाची आहे, गार करायची ती टिप. जॉब नाही. सरांनी त्यांच्या वाचनातलं सांगितलं की अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात नव्वदच्या दशकापासून ह्याच्यावर काम झालंय आणि तिथंही हेच निघालं, थोडाच नायट्रोजन पण चिप आणि टिप ह्यांच्या मध्ये नेमका सोडायचा. गरम तव्यावर पाण्याचा थेंब नाचतो तसा द्रव नायट्रोजन पण गरम धातूपासून स्वतःच्या वाफेवर तरंगत राहतो, लांबनं सोडला तर टेकतच नाही. जवळनं आणि जोरात धार मारली तरच ती वाफेची गादी फाटते.

नवीन नोझल आम्ही शेडमध्येच केलं. तांब्याची बारीक नळी, पुढचं तोंड दाबून मिलीभराचं भोक राखलेलं, होल्डरच्या क्लॅम्पला छोटा पितळी ब्लॉक लावून त्यातनं आणलेली, टिपेच्या वरच्या अंगावर, चिपब्रेकरच्या मागनं, धारेपासून हाताच्या नखाएवढ्या अंतरावर. पहिल्यांदा चिपच येऊन नळीवर आपटायची आणि नळी वाकायची. मग ब्लॉकला पुढं उतार दिला, चिप त्याच्यावर चढून वळते आणि वळताना जरा उचलली जाते, त्या फटीत धार शिरते. हे दिसतं सुद्धा, नीट बसलं की चिप निघताना चंदेरी असते, ना पिवळी ना निळी, आणि तिचे छोटे छोटे कडक वळसे होऊन तुटतात. पाण्यात हीच चिप लांब दोरीसारखी चकाला गुंडाळायची. टायटॅनियमची चिप मुळात करवतीच्या दात्यासारखी असते, भिंगाखाली धरली की दाते मोजता येतात, नायट्रोजनमध्ये ते दाते अजून टोकदार दिसतात.

८० मीटरला त्याच टिपेनं आता पाण्याच्या दुपटीहून जास्त जॉब निघायला लागले. मी हा आकडा मुद्दाम ढोबळ ठेवतोय, बारच्या हीटप्रमाणं (भट्टीतल्या लॉटप्रमाणं), टिपेच्या लॉटप्रमाणं तो हलतोय, आणि सरांच्या थिसिसमध्ये काय ते नीट येईल. त्यांनी प्रत्येक टिप मायक्रोस्कोपखाली धरून पोटाची झीज मोजली, ०.३ मिली झाली की टिप बाद, तो त्यांच्याकडचा आयएसओचा नियम. मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच, टिप आता सांगून जायला लागली. खड्डा पडून अचानक मोडणं जवळपास बंद, पोट सावकाश झिजतं, मामा दर दोन-चार जॉबला दोन-तीन मायक्रॉनचा ऑफसेट देतात आणि निवांत असतात. रात्रपाळीला मशीन नवीन पोराच्या हातात द्यायचं धाडस त्यामुळं झालं.

मग फिनिशचा प्रश्न राहिला. नायट्रोजन गार करतो पण वंगण म्हणून त्याचा फारसा भरवसा नाही. रफिंगला चालून जातं, फिनिशच्या हलक्या कटला मात्र टिपेचं पोट घासायला लागलं की बारीक ओरखडे दिसतात. म्हणून दोन्ही एकत्र करायचं ठरलं, वरनं नायट्रोजन, तेलाचं धुकं पण. पहिल्या फटक्यात तेलाचं नोझल बंद. तोंडाशी बघितलं तर मेणासारखा पांढरा गोळा, तेल गोठलेलं. शेजारी शेजारी दोन नोझल ठेवल्यावर दुसरं काय होणार. तेलाची नळी मग खालनं आणली, टिपेच्या पोटाकडं तोंड करून, म्हणजे मध्ये टिप स्वतःच आडोसा झाली, वरच्या अंगाला नायट्रोजन आणि खालच्या अंगाला तेल. हवेचा दाब थोडा वाढवला. असं केल्यावर दोघं आपापल्या जागी कामाला लागले. तेल जिथं घासतंय तिथं, गारवा जिथं जळतंय तिथं.

मशीनची काळजी पण सांगायला पाहिजे. गार गॅस खाली बसतोय, गाईडवेचं ग्रीस घट्ट होतंय, वायपरची रबरं कडक होऊन चिरतात, दाराची काच धुक्यानं भरते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे काम थांबल्यावर बर्फ वितळून पाणी होतंय, ते टरेटवर, बेडवर साठतंय, आपल्या पावसाळ्यातल्या हवेत तर विचारायलाच नको, सकाळी येऊन बघावं तर तांबूस थर. आता शिफ्ट संपली की नायट्रोजन बंद करून थोडा वेळ नुसती कोरडी हवा मारायची, पुसायचं, तेलाचा हात फिरवायचा. मापाचं पण ठरवून टाकलं, जॉब निघाला की लाकडी ट्रेमध्ये, खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय मायक्रोमीटर लावायचा नाही, घाई असली तरी नाही, पार्टीचा फोन चालू असला तरी नाही.

पैशाचं गणित करताना लिटरचा भाव बघून हुरळून जाऊ नये. ड्युअरमध्ये ठेवलेला नायट्रोजन वापरला नाही तरी रोज थोडा थोडा उडतोच, सेफ्टी व्हॉल्व्हमधनं दिवसभर सुस्कारे चालू असतात आणि तो प्रत्येक सुस्कारा आपल्या खिशातला. वाहतूक, ड्युअरचं भाडं, लाईन गार करण्यात गेलेला माल, हे सगळं धरलं तर छोट्या लॉटला नायट्रोजन परवडत नाही, सरळ सांगतो. आमच्याकडं आता असं आहे की पाच-दहा नगांचं काम आलं तर रफिंग ४५ मीटरला पाण्यात आणि फिनिश एमक्यूएलवर. मोठा लॉट असला की तो साठवून ठेवायचा, ड्युअर मागवायचं आणि ते संपेपर्यंत मशीन थांबवायचं नाही, जेवायला पण आळीपाळीनं. एमक्यूएलचं भांडं मात्र कायमचं बसलं, आता स्टीलच्या फिनिशला पण मामा तेच मागतात. नव्यानं टायटॅनियम करणाऱ्या माणसानं एमक्यूएलनं सुरुवात करावी, खर्च थोडा आणि नोझल कुठं धरायचं ह्याची नजर तिथंच बसते.

कार्बन डायऑक्साइडचं पण एकदोघांनी सुचवलं. त्याला ड्युअर लागत नाही, साध्या सिलिंडरमध्ये ५७ बारच्या आसपास दाबाखाली खोलीच्या तापमानाला द्रव राहतो, नोझलमधनं बाहेर पडल्यावरच गार होतो, उणे ७८ पर्यंत. हाताळायला सोपं वाटतंय, पण नोझलमध्ये कोरडा बर्फ तुंबतो असं ऐकलंय आणि बंद जागेत तो नायट्रोजनपेक्षाही त्रासदायक. अजून करून बघितलं नाही.

आता त्याच पार्टीचं दुसरं ड्रॉइंग आलंय, त्यात २२ चं खोल बोअर आहे. बाहेरनं नळी आत न्यायला जागाच नाही, नायट्रोजन बोअरिंग बारच्या पोटातनं न्यावा लागणार, आणि बार गार झाला की तो स्वतःच आखडणार, म्हणजे मापाची सगळी बोंब परत. सर म्हणतात बारच्या आत इन्सुलेशनची नळी घालून बघू, मामा म्हणतात आधी एक स्टीलच्या तुकड्यावर बघा, टायटॅनियमचा बार फुकट येत नाही. सध्या तो जॉब एमक्यूएलवर ४० मीटरला चाललाय, तेल बारमधनंच सोडलंय.